भाजीचा रतीब, आगाऊ पैसे आणि गारपिटीतला आपला वाटा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी कुणीतरी मेसेज टाकतं की चला आपण डायरेक्ट शेतकऱ्याकडून भाजी घेऊया, मधले दलाल नकोत, आपल्यालाही स्वस्त आणि त्यालाही चार पैसे जास्त. मग पंधरा अंगठे येतात, तीन जण "आम्ही इंटरेस्टेड" लिहितात आणि विषय तिथेच विरतो. दोन वर्षांपूर्वी मात्र तो विरला नाही, कारण हिशोब ठेवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, आणि तेव्हा मला कळलं की त्या मेसेजमधला "स्वस्त" हा शब्दच चुकीचा आहे. बाकीचं बरोबर आहे. म्हणजे बऱ्यापैकी.

तर ह्या प्रकाराला सीएसए म्हणतात, कम्युनिटी सपोर्टेड ॲग्रिकल्चर. नाव जड आहे पण आपल्याकडच्या दोन ओळखीच्या गोष्टी एकत्र केल्या की लगेच डोक्यात बसतं. एक म्हणजे दुधाचा रतीब, रोज विचारायचं नाही, दारात येणारच. दुसरी भिशी, म्हणजे सगळ्यांनी आधी पैसे काढायचे आणि ते गरज असेल त्याच्या हातात एकरकमी द्यायचे. सीझन सुरू व्हायच्या आधी वीस-तीस कुटुंबं मिळून शेतकऱ्याला पैसे देतात, तो त्यातून रोपं, खत, मजुरी भागवतो, आणि मग दर आठवड्याला शेतात जे निघेल ते सगळ्या घरांत सारखं वाटलं जातं. खरी मेख या "जे निघेल ते" मध्ये आहे. तुम्ही किलोवर भाजी विकत घेत नाही, पिकातला वाटा घेता. पीक जोरात आलं तर पिशवी जड, गारपीट झाली तर हलकी, आणि पैसे दोन्ही वेळेला तेवढेच.

आगाऊ पैसे ही शेतकऱ्याला काही नवी गोष्ट नाही हं. व्यापारी बागेवर आधी पैसे देतोच की, आडत्याकडूनही, म्हणजे मार्केटमधल्या कमिशनवाल्याकडूनही, उचल घेतली जाते. पण ती उचल घेतली की माल त्याच्याकडेच घालायचा, भाव पडला तर पट्टीत, म्हणजे आडत्याच्या हिशोबाच्या चिठ्ठीत, तेवढेच कमी पैसे आणि उचल तर फेडायचीच. माल गेला तरी देणं अंगावर राहतं. सीएसएमध्ये माल गेला तर देणं राहत नाही, ते तीस घरांत वाटून जिरतं. एवढाच फरक आहे पण तो फार मोठा आहे, आणि बाकी ताजी भाजी, नाती, शेतावरची सहल वगैरे सगळं त्याच्यानंतर येतं.

आता दलालांबद्दल. "मधले लोक खातात" हे आपण इतक्या सहज म्हणतो की त्यात नेमकं काय होतं हे बघतच नाही. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये टोमॅटो, कांदा, बटाट्याचा हिशोब मांडला होता, त्यात ग्राहकाने दिलेल्या रुपयातले शेतकऱ्याच्या हातात टोमॅटोला साधारण ३३ पैसे, कांद्याला ३६ आणि बटाट्याला ३७ पैसे पडतात असं निघालं. वाचून राग येतो, यायलाच पाहिजे. पण उरलेले सगळे पैसे कुणी एकटा गिळत नाही. नारायणगावच्या मार्केटला क्रेट आले की हमाली आहे, मग ट्रक, मग पुण्याचा गुलटेकडी किंवा मुंबईसाठीचा वाशीचा घाऊक बाजार, तिथे परत आडत आणि हमाली, मग टेम्पो, आणि शेवटी आपल्या कोपऱ्यावरची भाजीवाली, जिची कोथिंबीर दुपारपर्यंत मान टाकते आणि संध्याकाळी उरलेलं निम्म्या भावात जातं किंवा कचऱ्यात. ती रोज न विकल्या जाणाऱ्या मालाची रिस्क घेते आणि आपण तिच्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करतो.

म्हणून मधले लोक काढले की त्यांचे पैसे वाचतात असं नसतं, त्यांचं काम कुणाला तरी करावं लागतं. आमच्याकडे ते मी करते. कोण गावाला गेलंय, कुणाची पिशवी कुणी न्यायची, कुणाचे पैसे आले नाहीत, क्रेट परत दिले का, हे सगळं. फुकट. आणि असे उपक्रम पिकामुळे कमी आणि हे फुकटचं काम करणारी बाई कंटाळल्यामुळे जास्त बंद पडत असावेत असा माझा संशय आहे, म्हणून पहिल्या दिवसापासून ह्या कामाला थोडे का होईना पैसे ठेवा.

शेतकऱ्याचं खरं दुखणं म्हणजे भाव कमी असण्यापेक्षा भावाचा भरवसा नसणं. २०२३ चा टोमॅटो आठवा. जुलैमध्ये दीडशेच्या वर गेला, लोक टोमॅटोशिवाय आमटी करायला शिकले, चिंच कोकम परत बाहेर आलं, आणि सप्टेंबर येईतो भाव असा आपटला की तोडणीची मजुरी निघेना. तेच पीक, तीच जमीन. मार्चमध्ये रोप लावताना जुलैत काय भाव असेल हे कुणालाच माहीत नसतं, म्हणजे प्रत्येक लागवड ही पैज असते. सीएसए ती पैज काढून टाकतं, म्हणजे निदान तेवढ्या तुकड्यापुरती, कारण भाव आधीच ठरलेला असतो आणि तो मार्केटवर ठरत नाही, खर्चावर ठरतो.

खर्चावर म्हणजे कसा, ते बघू. हे आकडे मी समजावायला धरलेत, तुमच्याकडे वेगळे असतील. समजा वीस गुंठे जमीन, तीस घरं, नोव्हेंबर मध्यापासून मार्च अखेर असे वीस आठवडे, आणि दर घराला आठवड्याला साधारण चार किलो. म्हणजे एकूण २,४०० किलो. बियाणं आणि रोपं १२,००० रुपये. शेणखत, पेंड, जीवामृताचं सामान १८,०००. खुरपणी-तोडणीची मजुरी ६०,०००. ठिबकची दुरुस्ती, मल्चिंग १०,०००. गाडी दर आठवड्याला दीड हजार म्हणजे ३०,०००. क्रेट, पिशव्या ५,०००. आणि शेतकऱ्याचा स्वतःचा मेहनताना महिन्याला १५,००० धरून पाच महिन्यांचे ७५,०००. बेरीज २,१०,००० रुपये. भागिले तीस, एका घराला ७,०००. आठवड्याला ३५०. किलोला साडेसत्त्याऐंशी रुपये.

इथे आमच्या मीटिंगमध्ये शांतता पसरली होती. कारण हिवाळ्यात मंडईत कोबी पंधरा-वीसला मिळतो. एका काकांनी विचारलंच की मेहनताना कशाला धरायचा, त्याची स्वतःचीच तर शेती आहे. मी म्हटलं काका तुमची स्वतःचीच पेन्शन आहे ना. (नंतर ते तीन दिवस बोलले नाहीत, पण वाटा घेतला.) तर मुद्दा असा की मंडईतल्या भावात शेतकऱ्याची आणि त्याच्या बायकोची मजुरी बहुतेक वेळा शून्य धरलेली असते, आणि ती एकदा कागदावर लिहिली की भाजी स्वस्त राहत नाही. आणि गाडीभाडं बघा, किलोमागे साडेबारा रुपये. तीसऐवजी पंधराच घरं असती तर तीच गाडी किलोमागे पंचवीसला पडली असती. म्हणून घरपोच बिरपोच काही नाही, सगळ्या पिशव्या एका ठिकाणी उतरणार, खाली येऊन न्या.

ही कल्पना कुठून निघाली तर जपानमधून. तिथे १९६०-७० च्या दशकात शहरातल्या बायका मुलांच्या दुधाभाजीत फवारणीची औषधं येतात म्हणून धास्तावल्या आणि थेट शेतकऱ्यांशी बोलणी करायला लागल्या. त्याला तेइकेई म्हणतात, म्हणजे हातमिळवणी. १९७१ मध्ये तेरुओ इचिराकू ह्या सहकार चळवळीतल्या माणसाने तिथली सेंद्रिय शेतीची संघटना काढली आणि १९७८ मध्ये तेइकेईची दहा तत्त्वं ठरली, त्यातलं एक मला फार आवडतं की शेतकऱ्याने पाठवलेला सगळा माल घ्यायचा आणि आपलं जेवण त्याप्रमाणे बदलायचं. अमेरिकेत १९८६ च्या सुमारास दोन शेतांवर हे सुरू झालं, मॅसॅच्युसेट्समध्ये रॉबिन व्हॅन एनचं इंडियन लाइन फार्म आणि न्यू हॅम्पशायरमध्ये टेम्पल-विल्टन. ह्या दुसऱ्या ठिकाणची पद्धत भारी आहे. वर्षाचं बजेट सगळ्यांसमोर मांडतात आणि प्रत्येकजण आपल्याला जमेल ती रक्कम सांगतो, कुणी जास्त कुणी कमी, बेरीज बजेटएवढी होईपर्यंत. भाजी मात्र ज्याला जेवढी लागेल तेवढी. आपल्याकडे गावजत्रेची वर्गणी अशीच जमते की, ज्याची जशी ऐपत.

त्याच्याही आधी अमेरिकेतल्याच अलाबामात टस्कीगी इन्स्टिट्यूटचे एक प्राध्यापक होते, बुकर टी. व्हॉटली. कृष्णवर्णीय छोट्या शेतकऱ्यांनी शेती टिकवावी म्हणून ते सांगायचे की ग्राहकांचा क्लब करा, आगाऊ फी घ्या, पंचवीस एकरांत बरीच वेगवेगळी पिकं लावा आणि शहरापासून चाळीस मैलांच्या आत राहा. चाळीस मैल म्हणजे साधारण पासष्ट किलोमीटर. आमची भाजी पिकवणारे शेतकरी दादा पुण्याजवळ पुरंदरमध्ये आहेत, दिवे घाट उतरून गाडी येते, म्हणजे व्हॉटलींच्या हिशोबात आम्ही आरामात बसतो.

आपल्याकडे कायद्याचा अडथळा आता राहिलेला नाही. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, त्यामुळे शेतकरी थेट विकू शकतो, आणि त्याच सुमारास सावता माळींच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारही सुरू झाले. मुंबईत हरी भरी टोकरी नावाने शहरातले लोक आणि आजूबाजूचे शेतकरी यांनी मिळून याच धर्तीचा उपक्रम चालवला. पण ॲपवर जे "फार्म टू होम" दिसतं ते सीएसए नाही. तिथे तुम्ही आज ऑर्डर देता, उद्या कॅन्सल करता, भेंडी जून निघाली तर रिफंड घेता. रिस्क सगळी पलीकडच्याची. वाईट आहे असं नाही म्हणत मी, ते दुकान आहे, फक्त त्याला शेतकऱ्याला सपोर्ट म्हणू नका. ओळखायची खूण सोपी आहे, गारपीट झाली तर पैसे कुणाचे जातात हे विचारा.

आता एक गोष्ट जी मला अजिबात माहीत नव्हती. आम्ही ज्या पहिल्या शेतकऱ्याकडे गेलो त्याने ऐकून घेतलं, चहा पाजला आणि नको म्हणाला. मला वाटलं विश्वास नाही म्हणून. तसं नव्हतं. तो म्हणाला, ताई, दोन एकर कांदा लावणं सोपं आहे, तुमची वीस गुंठ्यांतली पंधरा भाज्यांची पिशवी अवघड. आणि खरंच आहे. दर आठवड्याला मेथी द्यायची तर मेथी दर दहा-बारा दिवसांनी थोडी थोडी पेरावी लागते, सगळी एकदम पेरली की एकदम तयार होते आणि मग दोन आठवडे मेथीच मेथी आणि पुढे ठणठणाट. पालक, कोथिंबीर, मुळा सगळ्यांचं तेच. टोमॅटो, वांगी रोपं लावल्यापासून दोन अडीच महिन्यांनी चालू होतात, फ्लॉवर एकदाच येतो आणि जागा मोकळी करतो, मग त्या वाफ्यात पुढे काय. पाणी कुठल्या वाफ्याला किती, कीड कुणाला कधी. हे पंधरा पिकांचं वेळापत्रक डोक्यात ठेवायचं आणि गुरुवारी पहाटे तोडणी करून तीस सारखे वाटे घालायचे. आमच्या दादांना हे जमतं कारण वहिनींना जमतं, वही त्यांच्याकडे असते. जुड्या बांधायचं कामही त्यांचंच, आणि मेहनतानाच्या ओळीत पहिल्या वर्षी आम्ही एकाच माणसाचा पगार धरला होता, ही आमची चूक. हो, वरच्या हिशोबातही ती तशीच आहे, मुद्दाम ठेवली, तुम्ही करताना दोघांचा धरा.

मग पिशवी घरी येते आणि खरी परीक्षा स्वयंपाकघरात सुरू होते. आपल्याला सवय अशी लागलीय की आधी काय खायचं ते ठरवायचं आणि मग भाजी आणायची. इथे उलटं. डिसेंबरात मुळा, गाजर, नवलकोल, वालपापडी, मटार, पावटा, चाकवत, करडई, सगळं एकदम अंगावर येतं, आणि मार्चच्या शेवटी गवार, काकडी, भोपळा यांच्यावर दिवस काढायचे. पहिल्या सीझनला सलग चौथ्या गुरुवारी मुळा आल्यावर ग्रुपवर मुळ्याचे मीम आले होते. मग एक आजी म्हणाल्या पाला टाकता का रे तुम्ही, आणि त्यांनी पाल्याची डाळ घालून भाजी, मुळ्याचा चटका, मुळ्याचे पराठे असं लिहून पाठवलं. नवलकोलची कोवळी पानंही खातात हे मला चाळिशीत कळलं. पुढे काही मुळे शेतातच राहिले, फुलावर गेले, दादा म्हणाले आता हे वाया, तर वहिनींनी त्याच्या डिंगऱ्या पाठवल्या. मुळ्याच्या शेंगा हो. अर्ध्या लोकांनी फोटो टाकून विचारलं हे काय आहे आणि उरलेल्या अर्ध्यांना आपापल्या आज्या आठवल्या. मंडईत डिंगऱ्या क्वचित दिसतात कारण मुळा शेंगा धरेपर्यंत ठेवणं मार्केटच्या शेतकऱ्याला परवडत नाही.

लोकल खायचं म्हणजे सगळंच लोकल असा हट्ट मी करत नाही, चहा पुरंदरमध्ये होत नाही आणि मी चहा सोडणार नाही. बटाटा आपल्याकडे सातगाव पठारावर होतो पण वर्षभर पुरत नाही, बाहेरून येतोच. आणि लोकल म्हणजे पर्यावरणाला चांगलं हे गणितही तितकं सरळ नाही. अमेरिकेत २००८ मध्ये एक अभ्यास झाला होता, त्यात खाण्यामुळे हवेत जाणाऱ्या एकूण हरितगृह वायूंत वाहतुकीचा वाटा ११ टक्केच निघाला आणि शेतातून दुकानापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याचा तर ४ टक्के, बाकी बहुतेक सगळं पिकवण्यातच जातं. म्हणजे भाजी किती लांबून आली यापेक्षा ती कशी पिकवली याने जास्त फरक पडतो. तुम्ही एक जुडी पालक आणायला गाडी काढून तीस किलोमीटर गेलात तर ट्रकने आलेला पालक बरा. विमानाने आलेल्या फळांची गोष्ट वेगळी.

तसंच लोकल म्हणजे सेंद्रिय नाही, सेंद्रिय म्हणजे सीएसए नाही, ही तीन वेगवेगळी खाती आहेत आणि जाहिरातीत ती मुद्दाम एकत्र केली जातात. शेजारच्या गावातला शेतकरीही आठवड्याला दोनदा फवारू शकतो. सर्टिफिकेट बघायचं असेल तर पीजीएस नावाची सरकारी पद्धत आहे, त्यात गावातल्या शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो, म्हणून ती लहान शेतकऱ्याला परवडते. आमच्या दादांकडे अजून ते नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की फ्लॉवरवर अळी हाताबाहेर गेली तर मी विचारल्याशिवाय फवारणार नाही, पण फवारू नका म्हणालात तर फ्लॉवर मिळणार नाही. आम्ही म्हटलं नको मिळू दे. आणि नाही मिळाला.

दुसऱ्या सीझनला मार्चमध्ये गारपीट झाली. दहा मिनिटं असेल. टोमॅटो फुटले, पालेभाज्या चिखलात गेल्या, पुढचे चार आठवडे पिशवी दीड-पावणेदोन किलोची. त्यात दोन आठवडे तर नुसता भोपळा आणि कांद्याची पात. तेव्हा कळलं की आपण काय साइन केलं होतं ते किती जणांनी वाचलं होतं. एकजण म्हणाले उरलेले पैसे परत द्या, दुसरे म्हणाले निदान पुढच्या सीझनला ॲडजस्ट करा, एक ताई म्हणाल्या मला मुलांना डब्यात काय देऊ. रात्री बारापर्यंत ग्रुप चालू. दादा त्या ग्रुपवर होते, सगळं वाचत होते, काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सहा-सात जण गाडी करून शेतावर गेलो आणि ते बघितलं, त्यानंतर पैसे परतचा विषय कुणी काढला नाही. सीझन संपल्यावर दोन घरं सोडून गेली, मला त्यांचा राग नाही, ज्यांचं महिन्याचं बजेट मोजून मापून आहे त्यांना सात हजार आधी काढून ठेवणं आणि वर रिस्क घेणं जमत नाही. आता आम्ही तीन हप्ते केलेत, आणि तेव्हापासून बजेटमध्ये दहा हजारांची एक ओळ आहे, नुकसान झालं तर बाहेरून कांदे-बटाटे घेऊन पिशवी भरायला. नाही लागले तर पुढच्या बियाण्याला.

तुम्हाला हे करायचं असेल तर माझं ऐका, भाजीपासून सुरू करू नका. धान्यापासून करा. मंगळवेढ्याची ज्वारी, मुळशीचा आंबेमोहोर, मावळातला इंद्रायणी, घाण्यावरचं शेंगदाणा तेल, गूळ. नासत नाही, वर्षातून एकदाच वाटायचं, गाडी एकच, तोडणीची घाई नाही. पंधरा घरांनी मिळून एका शेतकऱ्याला पेरणीच्या वेळी निम्मे पैसे दिले तरी तुम्हाला कळेल की तुमच्या ग्रुपला वाट बघणं आणि कमी-जास्त सोसणं जमतं का. एक वर्ष ते जमलं की मग भाजी. आणि भाजीचं बोलणं गणपती उठले की लगेच करायचं, दिवाळीनंतर नाही, कारण टोमॅटो-फ्लॉवरची रोपं नर्सरीत सांगून ठेवावी लागतात आणि मेथीचे वाफे कुठे पडणार हे वहिनींच्या वहीत तोपर्यंत लिहून झालेलं असतं.